आयर्लंडचे अकाली गेलेले नट



आजचा विषय थोडा दूरदेशीचा आहे. आयर्लंडमधल्या काही नटांबद्दल मी बोलणार आहे. त्यांच्यात एक गोष्ट सारखी आहे. ते तरुणपणी गेले नाहीत आणि म्हातारेही झाले नाहीत. पंचेचाळीस, चोपन्न, छप्पन्न अशा मधल्याच वयात त्यांच्यावर पडदा पडला. तरुण माणूस गेला की सारा गाव हळहळतो. म्हातारा गेला की आपण म्हणतो, बरं झालं, सुटला. पण पन्नाशीच्या माणसाच्या मरणाकडे कसे पाहावे हे आपल्याला नीटसे उमजत नाही. नटाच्या बाबतीत तर हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. का, ते पुढे सांगतो.

आधी आयर्लंडची ओळख करून घेऊ. इंग्लंडच्या पश्चिमेला समुद्रात हे हिरवे बेट आहे. उत्तरेकडचा त्याचा एक तुकडा आजही ब्रिटनच्या राज्यात आहे. उरलेला देश स्वतंत्र आहे आणि त्याची वस्ती २०२२ च्या शिरगणतीत सुमारे ५१ लाख भरली. हा देश आपल्याला अगदीच परका नाही. लोकमान्य टिळकांनी १९१६ च्या एप्रिलात बेळगावला होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा 'होमरूल' हा शब्द आयर्लंडच्या चळवळीतूनच आपल्याकडे आला होता. त्याच एप्रिल महिन्यात डब्लिन शहरात इंग्रजी सत्तेविरुद्ध सशस्त्र उठाव झाला, आणि शॉन कॉनली नावाचा एक नट पहिल्याच दिवशी गोळी लागून पडला.

हा कॉनली ज्या नाटकगृहात काम करी, ते म्हणजे डब्लिनचे अ‍ॅबे थिएटर. कवी येट्स, लेडी ग्रेगरी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९०४ च्या डिसेंबरात ते सुरू केले. आपल्या माणसांची बोली, आपली शेते, आपली गरिबी रंगभूमीवर दिसली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. रवींद्रनाथांचे 'डाकघर' हे नाटकही १९१३ च्या मे महिन्यात याच रंगमंचावर इंग्रजीतून झाले. तेव्हा त्यांना नोबेल पारितोषिक मिळायचे होते. पुढे आयर्लंड स्वतंत्र झाले आणि १९२५ मध्ये नव्या सरकारने अ‍ॅबेला ८५० पौंडांचे अनुदान दिले. इंग्रजी बोलणाऱ्या जगात सरकारी मदतीवर चालणारे हे पहिले नाटकगृह म्हणतात. रक्कम लहान होती. पण नाटक ही देशाची गरज आहे, हे नुकत्या जन्मलेल्या सरकारने मान्य केले, ही गोष्ट मोठी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नटाचे मधले वय एवढे मोलाचे का? असे पाहा. विसाव्या वर्षी नटाजवळ देह असतो, उमेद असते. पण बापाचे दुःख, कर्ज, पश्चात्ताप हे त्याला कल्पनेनेच करावे लागते. सत्तराव्या वर्षी सारे अनुभवलेले असते. पण मग श्वास पुरत नाही, पाठांतर दगा देते. या दोहोंच्या मध्ये पंधरावीस वर्षे अशी येतात की आवाज तयार, शिस्त अंगात मुरलेली, आणि आयुष्याचे टक्केटोणपे खाऊन झालेले. शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचे तर कणसात दाणा भरण्याचा तो काळ. त्याच वेळी पीक आडवे झाले, तर नुकसान किती हे ज्याने शेत कसले आहे त्यालाच कळते.

असे आडवे झालेले पीक आयर्लंडच्या रंगभूमीने पुष्कळ पाहिले. जुन्या काळात डब्लिनची पेग वॉफिंग्टन ही नटी लंडनला गाजत होती. १७५७ च्या मे महिन्यात कॉव्हेंट गार्डनच्या रंगमंचावर शेक्सपिअरच्या नायिकेचे शेवटचे भाषण करता करता ती कोसळली. पुढे तीन वर्षे ती अंथरुणाला खिळून जगली, पण रंगमंचावर पुन्हा पाऊल ठेवले नाही. वॉटरफर्ड परगण्यातला टायरोन पॉवर हा हास्यरसाचा बादशहा अमेरिकेचा दौरा आटोपून घरी निघाला. १८४१ च्या ११ मार्चला न्यूयॉर्कहून सुटलेली 'प्रेसिडेंट' नावाची आगबोट १३६ माणसांसह समुद्रात नाहीशी झाली, आणि तिच्याबरोबर चाळिशी ओलांडलेला पॉवरही. दैवाचा खेळ असा की त्याच नावाचा त्याचा पणतू अमेरिकेत मोठा सिनेनट झाला, आणि तोही ४४ व्या वर्षी, १९५८ साली, माद्रिदला चित्रीकरण चालू असतानाच हृदयविकाराने गेला.

पण ही झाली जुनी नावे. आज मला चार नटांबद्दल सविस्तर सांगायचे आहे.

पहिला एफ. जे. मॅकॉर्मिक. हे त्याचे खरे नाव नव्हे. खरे नाव पीटर जज. डब्लिनजवळच्या स्केरीज या समुद्रकाठच्या गावचा हा मुलगा सरकारी कचेरीत कारकुनी करी आणि संध्याकाळी नाटकात कामे करी. कचेरीत बोभाटा नको म्हणून त्याने दुसरे नाव घेतले, आणि तेच नाव जगाने लक्षात ठेवले. १९१८ पासून मरेपर्यंत जवळजवळ तीस वर्षे तो अ‍ॅबेचा नट होता. आज राजा तर उद्या भिकारी, अशा शेकडो भूमिका त्याने केल्या. त्याची बायको आयलीन क्रो हीही त्याच नाटकगृहातली नामांकित नटी.

१९२३ ते १९२६ या तीन वर्षांत शॉन ओकेसी या लेखकाने अ‍ॅबेला तीन नाटके दिली. ओकेसी स्वतः डब्लिनच्या गरीब वस्तीत वाढलेला, अंगमेहनतीची कामे केलेला माणूस. चाळीतली माणसे कशी बोलतात, उधारी कशी मागतात, भांडतात कशी आणि एकमेकांना सांभाळतात कशी, हे त्याने जसेच्या तसे उतरवले. या तिन्ही नाटकांत पहिल्या प्रयोगाला मॅकॉर्मिक होता. त्यांपैकी 'जुनो अँड द पेकॉक' हे नाटक १९२४ च्या मार्चमध्ये आले. त्यात बॉइल नावाचा एक ऐतखाऊ आहे. काम निघाले की त्याचे पाय दुखू लागतात. आणि त्याचा एक मित्र आहे जॉक्सर, समोर तोंडभर स्तुती करणारा आणि पाठ वळताच चुगली करणारा. असा जॉक्सर आपल्याही गावात पारावर बसलेला सापडेल, नाही का? मॅकॉर्मिकने हा जॉक्सर असा उभा केला की पुढच्या प्रत्येक नटाला त्याच्या सावलीत उभे राहावे लागले.

१९२६ च्या फेब्रुवारीत तिसरे नाटक आले, 'द प्लाउ अँड द स्टार्स'. उठावातल्या वीरांची थट्टा केली म्हणून चौथ्या रात्री प्रेक्षागृहात दंगल उसळली. लोक रंगमंचावर चढले. त्या गोंधळात मॅकॉर्मिकने पुढे येऊन प्रेक्षकांना विनवले की नाटक आवडले नाही तर नसो, पण नाटक आणि नट यांत फरक करा. त्याच्या विनवणीत भित्रेपणा शोधणारे शोधोत. मला मात्र तिच्यात रोज संध्याकाळी इमानाने काम करणाऱ्या माणसाचे साधे गाऱ्हाणे ऐकू येते.

त्याच्याबरोबर बॉइलचे काम करणारा बॅरी फिट्झजेरल्ड हॉलिवूडला गेला आणि तिथे ऑस्कर पारितोषिक मिळवून बसला. मॅकॉर्मिकही १९३६ च्या सुमारास एका बोलपटासाठी तिकडे जाऊन आला, पण काम संपताच डब्लिनला परतला. त्याला त्याचे अ‍ॅबे पुरेसे होते. शेवटी कॅरल रीड या दिग्दर्शकाने 'ऑड मॅन आउट' या बोलपटात त्याला एक भूमिका दिली. शेल नावाचा एक दरिद्री पक्षी विकणारा; पोलिसांना हवा असलेला एक जखमी माणूस त्याला सापडतो, आणि या माणसाचे आपल्याला किती पैसे मिळतील याचा तो हिशेब करू लागतो. लबाडी, भूक आणि कुठेतरी शिल्लक राहिलेली माणुसकी, तिन्ही त्या चेहऱ्यावर एकाच वेळी दिसतात. बोलपट १९४७ च्या आरंभी लागला. सारे जग विचारू लागले, हा नट कोण? आणि त्याच वर्षीच्या २४ एप्रिलला मॅकॉर्मिक वारला. पन्नाशी उलटून काही वर्षेच झाली होती.

श्रोतेहो, इथे क्षणभर थांबू या. त्याचा शेल आपण आजही पाहू शकतो. पण ज्या जॉक्सरने डब्लिनला वेड लावले, तो आज कुठे आहे? हिचकॉकने १९३० मध्ये 'जुनो'चा बोलपट काढला, पण त्यात जॉक्सरचे काम दुसऱ्याच नटाने केले. म्हणजे मॅकॉर्मिकचा जॉक्सर ज्यांनी पाहिला त्यांच्याबरोबरच तो संपला. चित्रकार गेला तरी चित्र भिंतीवर राहते. कवी गेला तरी कविता पाठ करता येते. नटाचे तसे नाही. त्याचे काम त्याच्या श्वासावर चालते आणि श्वासाबरोबर थांबते. म्हणून त्याची गेलेली दहावीस वर्षे परत मिळवण्याचा काहीही उपाय नसतो.

दुसरा नट जॅक मॅक्गाउरन. जन्म डब्लिनचा, १९१८ चा. किडकिडीत अंगाचा, मोठ्या डोळ्यांचा हा मुलगा आठ वर्षे विम्याच्या कचेरीत नोकरी करत होता. मग गेट आणि अ‍ॅबे या डब्लिनच्या दोन्ही नाटकगृहांत त्याने उमेदवारी केली. 'द क्वायट मॅन' हा १९५२ चा बोलपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्यातला गावगुंड जमीनदाराच्या मागेमागे करणारा छोटासा माणूस आठवेल. तो हाच. पण मॅक्गाउरनचे खरे नशीब उघडले ते नभोवाणीने. ही गोष्ट आपण मुद्दाम ऐकावी अशी आहे.

सॅम्युएल बेकेट हा डब्लिनचाच लेखक पॅरिसमध्ये राहत होता. ब्रिटनच्या नभोवाणीसाठी, म्हणजे बीबीसीसाठी, त्याने 'ऑल दॅट फॉल' नावाची श्रुतिका लिहिली. १९५७ च्या १३ जानेवारीला ती ध्वनिक्षेपित झाली. कथा अगदी साधी. एक थकलेली, लठ्ठ म्हातारी खेड्यातल्या रस्त्याने पाय ओढत रेल्वे स्टेशनवर निघाली आहे. तिचा आंधळा नवरा गाडीने येणार आहे, त्याला घरी आणायचे आहे. वाटेत कोणी गाडीवाला भेटतो, कोणी सायकलवाला, कोणी मोटारवाला. सुरुवातीलाच मेंढी, पक्षी, गाय आणि कोंबडा यांचे आवाज आहेत. दिग्दर्शक मॅक्व्हिनी याने हे आवाज खऱ्या जनावरांचे न घेता माणसांकडून काढून घेतले, म्हणजे सारा गाव त्या म्हातारीच्या मनातूनच ऐकू यावा! या श्रुतिकेत लहानशी कामे करणारे दोन नट होते: जॅक मॅक्गाउरन आणि पॅट्रिक मगी. दोघांचेही आयुष्य बेकेटच्या शब्दांशी कायमचे जोडले गेले.

मगी हा उत्तरेकडच्या आर्मा गावचा. त्याचा आवाज खरखरीत, खोल, जुन्या दरवाजाच्या बिजागरीसारखा. १९५७ च्या अखेरीस त्याने बीबीसीवर बेकेटच्या लेखनातले काही उतारे वाचले, आणि त्या आवाजाने बेकेट इतका भारला की त्याने त्या आवाजासाठीच एक नाटक लिहायला घेतले. हस्तलिखितावर त्याने नावच घातले होते, 'मगीचे स्वगत'. पुढे ते 'क्रॅप्स लास्ट टेप' या नावाने १९५८ च्या ऑक्टोबरात लंडनच्या रॉयल कोर्टमध्ये झाले. एक ६९ वर्षांचा म्हातारा टेबलाशी बसून स्वतःचाच ३९ व्या वर्षी ध्वनिमुद्रित केलेला आवाज ऐकतो, एवढेच नाटक. स्वतःच्या भर उमेदीतला आवाज ऐकताना त्याला काय वाटत असेल, याची कल्पना आपणच करा. ते काम मगीने केले तेव्हा तो स्वतः छत्तीस वर्षांचा होता. क्रॅपचे ६९ वे वर्ष मात्र त्याच्या वाट्याला आले नाही. साठाव्या वर्षी, १९८२ मध्ये, हृदयविकाराने तो गेला.

मॅक्गाउरनची कहाणी याहून करुण आहे. बेकेटची गद्यपद्ये, नाटके यांतले निवडक वेचे घेऊन एकट्यानेच रंगमंचावर उभे राहायचे, असा घाट त्याने १९६२ मध्ये डब्लिनला घातला. पहिला प्रयत्न त्याला पुरेसा वाटला नाही. मग बेकेटबरोबर बसून त्याने तो पुन्हा रचला, पुन्हा तपासला. १९६६ मध्ये त्याच्या वाचनाची एक तबकडीही निघाली. तिच्यात मधूनमधून जी घंटा वाजते ती खुद्द बेकेटने वाजवली आहे. त्याच वर्षी बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर 'ए जो' हे बेकेटने खास त्याच्यासाठी लिहिलेले नाटक दाखवले गेले. त्यात या आवाजाच्या नटाला बेकेटने एक शब्दही बोलायला दिला नाही! जो गप्प बसून असतो, एका बाईचा आवाज त्याला जुन्या पापांची आठवण देत राहतो, आणि कॅमेरा हळूहळू त्याच्या चेहऱ्याजवळ सरकत जातो. फक्त डोळ्यांनी बोलायचे. ते त्याने केले.

अखेर १९७० साली त्याचा एकपात्री प्रयोग न्यूयॉर्कला गेला. लोकांनी डोक्यावर घेतला आणि १९७१ चा ओबी पुरस्कार त्याला मिळाला. आठ वर्षे एकाच गोष्टीवर घासत राहिलेल्या माणसाला मिळालेले हे फळ होते. पुढे १९७३ च्या जानेवारीत तो न्यूयॉर्कमध्येच ओकेसीच्या 'प्लाउ अँड द स्टार्स'मध्ये काम करत होता. होय, ज्या नाटकात मॅकॉर्मिकने दंगल पाहिली, तेच हे नाटक. इन्फ्ल्युएंझाचे निमित्त झाले आणि ३१ जानेवारीला तो गेला. वय ५४. 'एक्झॉर्सिस्ट' हा त्याचा गाजलेला बोलपट त्याच वर्षीच्या डिसेंबरात लागला. आपले काम पडद्यावर कसे दिसते हे पाहायला तो नव्हता.

तिसरा नट डोनल मॅक्कॅन. जन्म १९४३, मृत्यू १९९९, वय छप्पन्न. त्याचे वडील जॉन मॅक्कॅन अ‍ॅबेसाठी विनोदी नाटके लिहीत, आणि डब्लिनचे नगराध्यक्षही झाले होते. मुलगा वर्तमानपत्राच्या कचेरीत काम करता करता अ‍ॅबेच्या नाट्यवर्गाला जाऊ लागला आणि तिथलाच झाला. सगळ्यांना तो अवघड माणूस वाटे. फार बोलत नसे, मुलाखती टाळी. दारू आणि मनाची खिन्नता यांच्याशी त्याची झुंज चालू असे, हे डब्लिनमध्ये कोणापासून लपलेले नव्हते. पण रंगमंचावर तो नुसता उभा राहिला तरी प्रेक्षागृहात टाचणी पडलेली ऐकू येई.

ब्रायन फ्रील या लेखकाचे 'फेथ हीलर' नावाचे नाटक आहे. फ्रँक हार्डी नावाचा एक माणूस वेल्स आणि स्कॉटलंडच्या खेड्यापाड्यांत हिंडतो आणि हात ठेवून आजार बरे करतो. म्हणजे कधी बरे होतात, बहुतेक वेळा होत नाहीत. आपण ढोंगी आहोत की आपल्या हातात खरेच काही आहे, हे त्याचे त्यालाही कळत नाही. नाटकात संवाद नाहीत. तीन माणसे एकामागून एक येऊन आपापली हकिगत सांगतात, आणि तिघांच्या हकिगती एकमेकींशी जुळत नाहीत. १९७९ मध्ये न्यूयॉर्कला हे नाटक साफ पडले. तिथे नायक होता जेम्स मेसन, म्हणजे 'ऑड मॅन आउट'मधला तो जखमी माणूस. १९८० मध्ये अ‍ॅबेत मॅक्कॅन फ्रँक हार्डी झाला आणि पडलेले नाटक उभे राहिले. आज ते आयर्लंडच्या श्रेष्ठ नाटकांत गणले जाते. चांगला नट लेखकासाठी काय करू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण मला सांगता येणार नाही.

१९८६ मध्ये गेट थिएटरने 'जुनो' केले, तेव्हा मॅक्कॅन झाला तो ऐतखाऊ बॉइल. आजवर हे काम हशा पिकवण्यासाठी केले जाई. मॅक्कॅनने हशाही पिकवला, पण बायकोपोरांचा संसार बुडवणारा आळशी माणूस शेवटी किती भीषण असतो तेही दाखवले. प्रयोग न्यूयॉर्कपर्यंत गेला.

पुढच्याच वर्षी जॉन ह्यूस्टन या वृद्ध दिग्दर्शकाने जेम्स जॉइसच्या 'द डेड' या कथेवर चित्रपट काढला. ह्यूस्टन चाकाच्या खुर्चीत, नाकात प्राणवायूची नळी; चित्रपट लोकांपुढे येण्याआधीच तो वारला. यात मॅक्कॅन झाला गेब्रिएल, आणि शिक्षक बंधुभगिनींना सांगायला हवे, हा गेब्रिएल शिक्षक आहे. शिकलेला, थोडासा स्वतःवर खूश असलेला. मेजवानीहून परतल्यावर त्याला कळते की आपल्या बायकोवर तरुणपणी एका मुलाने जिवापाड प्रेम केले होते आणि तो सतराव्या वर्षीच मेला. बायको रडत रडत झोपी जाते. गेब्रिएल खिडकीशी उभा राहून बाहेर पडणारा बर्फ पाहतो. मॅक्कॅन इथे काही 'करत' नाही. त्याचा आवाज ऐकू येतो आणि एका माणसाचा अहंकार हळूहळू गळून पडतो. नटाने कमी कसे करावे हे ज्याला शिकायचे असेल, त्याने तो प्रसंग पाहावा.

१९९५ मध्ये त्याने सबॅस्टियन बॅरीच्या 'द स्टुअर्ड ऑफ क्रिस्टेंडम' या नाटकात टॉमस डन हा इंग्रजी अमलातला जुना पोलीस अधिकारी केला. राज्य बदलले, निष्ठा बदलल्या, आणि हा म्हातारा १९३२ साली वेड्यांच्या इस्पितळात अंगावरच्या कपड्यानिशी आपल्या मुलींची वाट पाहतो आहे. सत्तरीतला म्हातारा रंगवणाऱ्या नटाचे वय तेव्हा बावन्न होते. चार वर्षांनी, १७ जुलै १९९९ ला, कर्करोगाने त्याला नेले. त्याला स्वतःची सत्तरी लाभती तर? पण हा हिशेब मांडून उपयोग नाही.

चौथा नट डर्मट मॉर्गन. हा सगळ्यांत लहान वयात गेला. हाही काही काळ शाळेत शिक्षक होता. मुलांना इंग्रजी शिकवता शिकवता नकला करण्याचा नाद लागला. १९८९ ते १९९१ या काळात आयर्लंडच्या नभोवाणीवर दर शनिवारी सकाळी त्याचा 'स्क्रॅप सॅटरडे' हा कार्यक्रम लागे. पंतप्रधानांपासून सगळ्यांच्या आवाजाची तो हुबेहूब नक्कल करी आणि त्यांची यथेच्छ फिरकी घेई. कार्यक्रम बंद झाला तेव्हा देशभर ओरड झाली. मग १९९५ पासून ब्रिटनच्या चॅनेल फोरवर 'फादर टेड' ही विनोदी मालिका आली. दूरच्या एका बेटावर टाकून दिलेले तीन पाद्री आणि त्यांना सतत चहा पाजणारी घरकामाची बाई. त्यातला थोडासा लबाड, थोडासा हावरा, सदैव अडचणीत सापडणारा टेड म्हणजे मॉर्गन. तिसऱ्या मालिकेचे काम संपले, आणि दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारी १९९८ ला, लंडनमध्ये घरी मित्रमंडळींबरोबर जेवताना तो हृदयविकाराने कोसळला. वय पंचेचाळीस. एवढे हसवणाऱ्या माणसाची ही अखेर. मालिकेचे प्रक्षेपण आठवडाभर पुढे ढकलण्यात आले, आणि मग लोकांनी हसत हसत आणि डोळे पुसत ती पाहिली.

याखेरीज आणखी दोन नावे नुसती उल्लेखतो. 'बेन-हर'मधला रथ हाकणारा गर्विष्ठ मेसाला आपल्याकडेही पुष्कळांनी पाहिला असेल. तो स्टीफन बॉइड उत्तर आयर्लंडचा. १९७७ मध्ये गोल्फ खेळताना पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. आणि बँगरचा कॉलिन ब्लेकली आधी घरच्या खेळसाहित्याच्या दुकानात बसे, पुढे लंडनच्या राष्ट्रीय नाटकगृहाचा आधारस्तंभ झाला, आणि १९८७ मध्ये छप्पन्नाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला.

आता कोणी म्हणेल, हे नटच असे. दारू, जागरणे, व्यसने, मग दुसरे काय होणार? त्यावर एवढेच म्हणतो. मॅक्गाउरन आणि मॅक्कॅन दारूशी झगडले हे खरे. पण दारूमुळे ते मोठे नट झाले, हा समज अगदी खोटा आहे, आणि तरुण कलावंतांसाठी तर तो घातक आहे. मॅक्गाउरन मोठा झाला तो आठ वर्षे एकच प्रयोग घासूनपुसून नीट करत राहिला म्हणून. मॅकॉर्मिक मोठा झाला तो तीस वर्षे एकाच नाटकगृहात रोज संध्याकाळी उभा राहिला म्हणून. दारूने त्यांना काही दिले नाही. असेल तर थोडे नेलेच. आणि इन्फ्ल्युएंझा, कर्करोग, हृदयविकार हे काही नट पाहून येत नाहीत; ते शेतकऱ्याच्या आणि मास्तरांच्या दारीही येतात.

आणखी एक गोष्ट नीट पाहा. या चौघांपैकी कोणीही नट म्हणून जन्माला आला नव्हता. एक सरकारी कारकून, एक विमा कचेरीतला, एक वर्तमानपत्रातला, एक शाळामास्तर. पोटाची नोकरी करून संध्याकाळी त्यांनी आपली कला जोपासली, आणि त्यांना सामावून घेणारे अ‍ॅबे किंवा गेट, किंवा त्यांचा आवाज दूरवर नेणारी नभोवाणी, त्यांच्या देशात उभी होती. लहान देशाने नाटकाला आपली गरज मानले, म्हणून हे नट घडले. जगले तेवढ्या वर्षांत तरी त्यांचे चीज झाले.

आणि मागे काय राहिले? मॅकॉर्मिकचा शेल राहिला, जॉक्सर गेला. मॅक्गाउरनची तबकडी राहिली. मॅक्कॅनचा गेब्रिएल राहिला. जिथे कोणीतरी वेळेवर कॅमेरा किंवा ध्वनिमुद्रक लावला, तिथेच काही उरले. कलावंत म्हातारा होईल तेव्हा पाहू, असे म्हणून चालत नाही. तो म्हातारा होईलच असे नाही, हे या नटांच्या आयुष्यांनी दाखवले आहे.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक सुचवतो. वर्गात नाटकाचा धडा आला की तो नुसता वाचून दाखवू नका. मुलांना पात्रे वाटून द्या आणि मोठ्याने बोलू द्या. ज्या मुलाला गणितात शून्य मिळते, त्याच्या गळ्यात कदाचित एखादा जॉक्सर लपलेला असेल. आणि आपल्या पंचक्रोशीत जो कोणी भारूड म्हणतो, सोंग काढतो, गोष्ट सांगतो, त्याचा आवाज तो भर उमेदीत असतानाच टिपून ठेवा. आज ते हातातल्या फोनवरही होते. उशीर झाला तर मागून हळहळण्यापलीकडे हाती काही उरत नाही.